काठावरचे मास्तर

टेलर मास्तरांना पोहता येत नव्हतं, पण पोहण्यावर बोलावं तर त्यांनीच! 'चला, पोहायला शिकू' या ऑनलाइन ग्रुपवर त्यांच्या शब्दाला भारी वजन. श्वास कधी सोडावा, हात कसा फिरवावा, सगळं तोंडपाठ. अहो, हा माणूस अंघोळ करतानासुद्धा डोक्यावर पाणी बेतानं घ्यायचा! पण ग्रुपला ते कुठून दिसणार?

ग्रुपमध्ये शिरायचं कारण मात्र खरं होतं. बेकरीच्या काउंटरमागे उभं राहून राहून बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, नाहीतर काठी घ्यावी लागेल. पण बाई पाण्याला भ्यायची. "अहो, तुम्ही बरोबर उतरलात तर मी येईन," एवढंच म्हणाली. भ्यायचे तर मास्तरही, पण तसं कबूल करतील तर ते मास्तर कसले! "आधी नीट शिकून घेतो," म्हणाले आणि पाण्यात उतरावं कसं, असा ग्रुपवर प्रश्न टाकला.

झालं! नमनालाच घडाभर तेल. ग्रुपचा नियम असा, की सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय उत्तर पक्कं धरायचं नाही. पाणी कोमट हवं की गार, यावरच दोन तट पडले. एकजण रुसून बाहेर पडला, त्याची समजूत काढण्यात आठवडा गेला. बायको विचारायची, "ठरलं का हो?" मास्तर म्हणायचे, "चर्चा चालू आहे." आणि ती बिचारी कठड्याला धरून धरून जिना चढायची.

शेवटी एका सकाळी तीच त्यांना पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. कमरेइतकं पाणी. पायरीवर उभी राहून तिनं हात पुढे केला. "या ना."

"एक मिनिट हं," म्हणत मास्तरांनी मोबाईल काढला. 'पत्नीसह उतरत आहे. आधी उजवा पाय की डावा?' धडाधड उत्तरं आली. डाव्याचं पारडं जड होत होतं, तेवढ्यात एका दीडशहाण्यानं मूळ प्रश्नावरच आक्षेप घेतला. मास्तर पेटले. असं सडेतोड उत्तर हाणलं, की ग्रुपवर टाळ्याच टाळ्या!

खुशीत मान वर केली, तर बायको पायरीवर नव्हती. कुणा अनोळखी बाईचा हात धरून ती पार पलीकडे पोचली होती, आणि चक्क हसत होती.

"अगं थांब! डाव्या पायानं उतरायचं होतं!" मास्तर ओरडले.

"असू द्या हो," ती तिकडून म्हणाली. "तुमचं चालू द्या. मला सोबत मिळाली."