आधी आत हात घालून बघ

रविवार, ४ मे. उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. त्याआधी मागच्या खोलीतलं काय द्यायचं आणि काय ठेवायचं, ते आज ठरवायला हवं. कॉम्प्युटरची दहा लहान कॅबिनेटं आहेत आणि एक मोठं, फुल टॉवर. आतलं काढण्यासारखं जे होतं ते मेकॅनिकने गेल्या आठवड्यातच काढून नेलं. उरले आहेत ते पत्र्याचे रिकामे खोके. रिकाम्या खोक्यांत ठरवण्यासारखं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणायचे. पण मला एक माणूस भेटला होता, जो कॉम्प्युटरमध्ये खोक्याशिवाय दुसरं काही पाहतच नसे.

कॅबिनेट समोर ठेवलं की ते आधी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायचे. दिवे, बटणं, चकचकीत प्लास्टिक, सगळं भिंतीला. मग बाजूचं दार काढून उजव्या हाताचं पहिलं बोट आत घालायचं आणि कडेकडेने सावकाश फिरवायचं. भाकरी चांगली थापली गेली का, हे बाईमाणूस जसं न बघता पाहते, तसं. त्या वेळी त्यांची नजर भलतीकडेच असायची, बहुधा रस्त्यावर.

"तोंड मगे बघ, बाय," ते म्हणायचे. "आधी आत हात घालून बघ."

त्यांना सगळे मेस्त म्हणायचे. आमच्याकडे सुतार, गवंडी, पत्र्याचं काम करणारा, ज्याच्या हातात कसब तो मेस्त. मूळचे दोडामार्गकडचे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. माऊस त्यांनी शेवटपर्यंत हातात धरला नाही.

माझा टायपिंगचा क्लास साखळी गावच्या बाजाराच्या थोडा पुढे, रस्त्याला लागून. घटक राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, सरकारी जाहिराती निघू लागल्या आणि माझी बाकं भरली. देवनागरी यंत्र मराठीला चालायचं तसं कोकणीलाही चालायचं, त्यामुळे वादात कोणाची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही. मग कॉम्प्युटरचे दिवस आले. मी दोन घेतले. दोन्ही पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडले.

त्या दिवशी मेस्त माझ्या छपराची गळती काढायला आले होते. चहाला खाली उतरले तेव्हा मेकॅनिक एक कॉम्प्युटर उघडून बसला होता. आत खनिजाची लाल धूळ बोटभर साचलेली. क्लाससमोरून दिवसभर खाणीचे ट्रक जायचे, धूळ येणारच. मेस्तांनी चहाची कपबशी जनेलात, खिडकीच्या कट्ट्यावर, ठेवली आणि वाकून पाहिलं.

"ह्येच्यात हात खंय जाता?"

मेकॅनिक म्हणाला, हात घालायची गरज नसते, ब्रश पुरतो.

"हात जायत नाय ती पेटी साफ कशी होतली? ब्रशाक काय कळता?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, वर छप्पर गळता, खाली पेटी गळता. तुका मेस्त दोन व्हये."

तेव्हापासून माझ्याकडची प्रत्येक पेटी त्यांच्या हाताखालून गेली. अंगठ्याने बाजू दाबायची. पत्रा आत जाऊन टक् करून परत आला की निकाल लागला: "ह्यो पत्रो न्हय, पापड. भाजून खा." दार तीनदा काढून तीनदा लावायचं. तिसऱ्यांदा अडलं तर नापास. पंखा चालू करून वर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा आणि पाण्याकडे पाहत बसायचं. पाणी थरथरलं की पत्रा हलका. आणि सगळ्यात महत्त्वाच्या त्या आतल्या कडा. चांगल्या कारखान्यात पत्र्याची कड दुमडतात, म्हणजे ती हाताला लागत नाही. वाईट कारखान्यात कापून तशीच सोडतात, आणि ती विळीसारखी असते. मेस्तांचं म्हणणं असं, की ज्याने आतली कड दुमडली नाही त्याने आत काहीच धड केलेलं नसणार, कारण आत कोण बघतं, असं त्याला वाटलेलं असतं.

सांगायला सोपं आहे म्हणून सांगून टाकते. हे सगळं ठाऊक असून मी दहा कॅबिनेटं आत हात न घालता आणली.

परीक्षा केंद्र मिळवण्यासाठी दहा नवे कॉम्प्युटर लागणार होते आणि तपासणीचा दिवस ठरला होता. मेस्त म्हणाले, "जत्रा होवंदे, बाय. मगे दोघांय जावया." शिरगावची लईराईची जत्रा जवळ आली होती आणि मेस्त धोंड होते. धोंड म्हणजे देवीचे व्रतस्थ. जत्रेआधीचे दिवस स्वतःच्या हातचं शिजवून खायचं, जेवणाआधी आंघोळ, आणि शेवटी होमाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालायचं. व्रताच्या दिवसांत मेस्त कामाला यायचे, पण पणजीसारख्या लांबच्या ठिकाणी जायचे नाहीत. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांची रंगीत गोंड्यांची वेताची काठी माझ्या कपाटाला टेकून उभी असायची आणि मुली तिच्याजवळून जाताना पदर, ओढणी सावरून घ्यायच्या.

मला थांबायचं नव्हतं. सकाळी आठच्या बसने मी एकटी पणजीला गेले. दुकानदाराने निळ्या प्लास्टिकच्या तोंडाची नाजूक कॅबिनेटं मांडली. "मॅडम, सगळीं इस्कोलां हेंच व्हरतात," म्हणाला. शाळा घेतात ते वाईट कसं असेल, असा मी विचार केला. माझ्या टेबलांवर ती नेमकी बसणार होती. संध्याकाळी टेंपोतून दहाच्या दहा क्लासवर उतरली.

दुसऱ्या दिवशी मेस्त आले. "हाडलंस मगे?" एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. शाळाही हीच घेतात, असं मी सांगून टाकलं. पहिलं कॅबिनेट भिंतीकडे फिरवलं, दार काढलं, बोट आत घातलं आणि फिरवलं. सात पेट्या झाल्या. आठवीत बोट अर्ध्यात थांबलं.

हात बाहेर आला तेव्हा पहिल्या पेरापासून खालपर्यंत उभी चीर होती. रक्त पाहून मी कापूस आणायला धावले. त्यांनी दुसऱ्या हाताने बोट दाबून धरलं होतं आणि ते उरलेल्या दोन पेट्यांकडे बघत होते. "तू म्हणशी शाळा घेतत. शाळेतली पोरां आत हात घालत नाय म्हणान घेतत." आणि मग, "धार सगळ्यांचीच आसा. जत्रेनंतर कानस घेवन येतंय आणि काढतंय."

मेस्तांना साखर होती. मला ते ठाऊक होतं. मी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं, पट्टी बांधून घेतली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. परत आल्यावर मेस्तांनी गोळ्यांची पाकिटं माझ्या मेजावर ठेवली.

"ही ठेव तुझ्याकडे. जत्रा झाली काय मागतंय."

व्रतात बाहेरचं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम होता. बाकीचे धोंड औषधं घ्यायचे, हेही त्यांनीच मला सांगितलं. ते ते, आणि मी मी, असं वर म्हणाले.

"मेस्त, साखरेला व्रत कळत नाही," मी म्हटलं.

"माका कळता ना. पाच दिसांचो प्रश्न."

मी आणखी दोनदा सांगितलं. मग तपासणीवाल्यांचा फोन आला, मी पाकिटं खणात टाकली आणि खण लावला. दिवसातून दोन-तीनदा थंड पाण्याची आंघोळ, ओली पट्टी, मग तीही काढून टाकलेली. हे मला नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं. तिने मला दोष दिला नाही. देवीलाही दिला नाही. "ह्येंचो हट," एवढंच म्हणाली.

जत्रा झाल्यावर मेस्त आले ते हसतच. दारातच चपला काढून एक एक पाय वर करून मला दाखवला. "बघ. एक फोड नाय." खरंच नव्हता. राखेने काळवंडलेले पण धड पाय. उजवा हात त्यांनी पाठीमागे धरला होता. त्याला पंचा गुंडाळलेला होता. मी पंचा सोडला. बोट काळंनिळं पडलं होतं आणि सूज मनगटापर्यंत चढली होती. मी खण उघडून गोळ्या काढल्या, पण त्यांचा आता काही उपयोग नाही, हे हातात घेतानाच मला कळलं.

हॉस्पिटलात ते बोट मुळापासून काढावं लागलं. मी भेटायला गेले. मी उशी सरळ केली, पाण्याची बाटली भरली, खिडकी उघडली. मेस्त माझी लगबग बघत पडले होते.

"टेस्टर गेलो, बाय," ते म्हणाले. "बाकीची पेटी तशीच आसा. बस मगे."

मी बसले. माझी चूक झाली, मी थांबायला हवं होतं, असं मी म्हणाले. एवढं एकच वाक्य घरून ठरवून आले होते. त्यांनी बाटलीतलं घोटभर पाणी घेतलं. मग विचारलं, "तपासणीत पास झालंस?" झाले, असं मी सांगितलं. "बरा झाला," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

पुढे ते पत्र्याच्या कामाला गेले नाहीत. अंगठा होता, पण अंगठ्याला जोडीदार लागतो. क्लासवर यायचे, बाकावर बसायचे, ट्रक बघायचे, जायचे. दहा कॅबिनेटांची धार राहिली ती राहिलीच. कानस घेवन येतंय, हे पुन्हा त्यांनी म्हटलं नाही आणि मी आठवण करून देणं शक्य नव्हतं. मी फक्त नियम केला, की मेकॅनिकशिवाय कोणी पेटी उघडायची नाही.

वर्षभराने दहाही कॉम्प्युटर ज्याला जोडायचे तो मोठा कॉम्प्युटर घ्यायचा ठरला. या वेळी मी जत्रा होऊ दिली आणि मेस्तांना घेऊन पणजीला गेले. दुकानात कमरेला लागेल एवढं फुल टॉवर उभं होतं. मेस्तांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. दार काढलं. डावा हात आत घातला, थोडा फिरवला आणि बाहेर काढून बघितला, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा.

"डाव्याक काय कळणा नाय," ते म्हणाले. "तू घाल हात."

मी घातला. दोन्ही हात आरामात मावत होते.

"सावकाश. कडेन जा. कसा लागता?"

"गुळगुळीत."

"सगळीकडे?"

मागच्या बाजूला तळाशी एके ठिकाणी काहीतरी टोचलं. क्षणभर वाटलं, सांगू नये. कशाला यांना आणखी. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर रस्त्याकडे बघत होते, त्यांच्या सवयीने. म्हणजे ते ऐकत होते.

"मागे, तळाला. एक जागा टोचते."

"बोट थंयच ठेव. काढू नको." त्यांनी डाव्या हाताने पेन्सिलीची खूण केली. "बाकी पेटी चांगली आसा. ही घे. ह्या एका जाग्याचा मी बघतंय."

दुकानदार हसला. मेस्तही हसले. पेटी क्लासवर आल्यावर ते कानस घेऊन आले आणि डाव्या हाताने त्या एवढ्याशा कडेवर अख्खी दुपार बसले. मी दोनदा म्हटलं, मेकॅनिक करील. त्यांनी मान वर केली नाही. झाल्यावर म्हणाले, "आता घाल हात." मी घातला. काही लागलं नाही.

ते त्यांचं शेवटचं काम. त्यानंतर साखर पायात उतरली, त्याच पायांत. दोन पावसाळे घरात काढून मेस्त गेले. मी त्यांच्या गावी गेले होते. ओट्यावर भिंतीला टेकून वेताची काठी उभी होती. कोणी तिला हात लावत नव्हतं.

आज संध्याकाळी मी फुल टॉवरचं तोंड भिंतीकडे केलं. रस्त्यावरून शिरगावकडे निघालेले धोंड जात होते, त्यांच्या हातातल्या काठ्यांचे गोंडे जनेलातून दिसत होते. अंगठ्याने बाजू दाबली. पत्रा दाबला जात नाही. दार तीनदा काढलं, तीनदा लावलं, अडत नाही. तळाला गंज आहे, रबराचा एक पाय गेला आहे. मागच्या कडेला बोट फिरवलं. तिथे कानशीचे तिरके, वेडेवाकडे ओरखडे आहेत, डाव्या हाताचे. गुळगुळीत आहेत. नव्या काळाचे बोर्ड यात बसतील की नाही ते मेकॅनिकला विचारलं होतं. बसतील, पण एवढी जागा कशाला अडवायची, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर आहे. मागच्या खोलीत मला मुलींसाठी बाकं टाकायची आहेत. द्यायचं ठरवलं.

सोमवारी सकाळी भंगारवाला लवकर आला. मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि वायरिंगची काळी टेप घेऊन दहा लहान कॅबिनेटांच्या आतल्या कडांवर चिकटवत बसले. एकेका पेटीला वेळ लागत होता. थोड्या वेळाने तो उठून आत आला.

"बाई, भंगाराक पट्टी कित्याक लायतात? कोण आत हात घालतलो?"

"तू घालणार आहेस," मी म्हटलं. "बस जरा."

दहाव्या पेटीपर्यंत टेपचं एक रीळ संपलं आणि दुसरं निम्मं झालं. मोठ्याला काही लावावं लागलं नाही.