समुद्र ओलांडलेल्या विष्णूची पंगत

मंडळी, सकाळी गंगेकाठी पंचगंगा घाटावर जे पाहिलं, त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

लढाई संपवून बसऱ्याहून परतलेल्या आपल्या विष्णूला पाठशाळेत गणित शिकवायचंय. पाठशाळा चालवणाऱ्या शास्त्रीबुवांनी बजावलं, समुद्र ओलांडलास, प्रायश्चित्ताशिवाय पंगत नाही आणि नोकरीही नाही. आईसाठी त्यानं तेही मान्य केलं.

न्हाव्यासमोर बसून त्यानं शास्त्रीबुवांना विचारलं, "काका, मग नोकरी पक्की ना?"

"आधी मुंडन तर होऊ दे रे. नोकरीचं बाद में देखेंगे."

विष्णू ताडकन उठला. "मग मी पलटणीतच परत जातो. तिथे माझ्याबरोबर जेवतात तरी!"

मी त्याला पायऱ्यांवरच अडवलं. उद्या दुपारी तो माझ्या घरी, माझ्या शेजारी जेवायला बसेल. बहिष्कार पडेल, हे ठाऊक असूनही तुमच्यापैकी कोण येतंय?