वाइंडिंग काढलेला भोंगा

भूत दिसलं, सावली लागली, अंगात आलं… असं कोणी सांगायला बसलं की मी सरळ विचारायची, "बाई, रात्री जेवली काय होतीस?" आता मीच सांगायला बसले, तर माझ्या दोन्ही सुना ओढणी तोंडाला लावून हसताहेत. हसू द्या बापडींना.

मी जुबेदा, दारव्ह्याची. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं वाचन रद्दीतल्या पेपरांवर शिकले, म्हणून लिहिण्यात चूकभूल असेल तर सांभाळून घ्या.

कापसाच्या पडत्या वर्षांतली गोष्ट आहे. आमचे हे, शब्बीरभाई, जिनिंगमध्ये प्रेसवर होते. रुईची गाठ दाबायची अन् तिला लोखंडी पट्टी आवळायची, सारी जवानी त्यातच गेली. मग कापूस येईनासा झाला. आधी एक पाळी बंद, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप. आम्ही भंगारात शिरलो, पण आमचं भंगार वेगळं. जुन्या बॅटऱ्या अन् विजेचं निकामी सामान. तेव्हा लोडशेडिंग किती, बाप्पा! दुकान, बँक, दवाखाना, सगळीकडे इन्व्हर्टर बसलेले, अन् त्यांच्या बॅटऱ्या मरत राहायच्या. आम्ही त्या उचलून आणायचो, न फोडता गोदामात ठेवायचो अन् ट्रकनं नागपूरच्या कारखान्याला पाठवायचो. तिथं शिसं वेगळं करतात. मोटारींतून तांब्याचं वाइंडिंग काढायचं काम माझं.

एक दिवस त्या बंद जिनिंगचंच सामान आमच्याकडे आलं. जनरेटरच्या बॅटऱ्या, स्टार्टर, अन् छपरावरचा तो विजेचा भोंगा. पाळी सुरू झाली, पाळी सुटली, सारं गाव त्याच्यावर चालायचं. मी त्याच दिवशी त्याची मोटर उघडली अन् वाइंडिंग काढून घेतलं. हे रुसून बसले.

"एक दिवस तरी राहू द्यायचा होता न, बेगम."

"कायले?" मी म्हटलं. "आता कोणाची पाळी सुटणार आहे?"

तांबं दुसऱ्याच दिवशी ट्रकनं गेलंसुद्धा. भोंग्याचं रिकामं खोकं कोपऱ्यात पडून राहिलं.

आठवड्यानं, भर मे महिन्यात, ह्यांनी जनरेटरच्या बॅटऱ्या बांधायला काढल्या. रस्ता खराब, बॅटऱ्या एकमेकींवर आदळून फुटतात. ह्यांनी काय केलं, मधे मधे रुई कोंबली अन् वरून जिनिंगची लोखंडी पट्टी आवळली. अगदी गाठीसारखी! बॅटरीच्या टोकांवर ट्यूबचं रबर लावलं होतं, पण धारेची पट्टी ताणून बसवली की रबर किती टिकणार? खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, "वा, काय हात आहे!" मेलेली बॅटरी पडल्या पडल्या थोडा जीव धरते, लोखंड लाल करण्याइतकी. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण प्रेसवरचा हात, तो विचारून थोडाच चालतो!

जेवून हे गोदामातच पोत्यावर आडवे झाले. बाहेर उन्हाची लू चाललेली, म्हणून शटर खाली ओढलं. मी समोरच्या शांताबाईकडे कुरडया घालायला गेले. ती पण जिनिंगचीच, सरकीच्या ढिगावर असायची. विजेची लाईन सकाळपासून गेलेली.

अन् भोंगा वाजला.

आधी खालून, घशातून… मग चढत चढत पुरा. जसा पाळीला वाजायचा, तसाच! शांताबाईच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला.

"अवो भाभी, जिनिंग सुरू झाली वाटते!"

घराघरातून बाया बाहेर. कोणी हात पुसत, कोणी डोक्याला रुमाल बांधत. रुई केसात जाऊ नये म्हणून कामावर त्या बांधायच्या, तसाच. गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या अन् एकजण थबकली.

"आवाज तं तुमच्याच गोदामातून येऊन राह्यला, खाला!"

मी पळाले. शटरखालून पांढरा धूर. ते शटर अडकायचं, माझ्या एकटीच्यानं कधी हललंच नसतं. सहा-सात जणींनी मिळून उचललं. आत रुई धुमसत होती, जाळ नाही, नुसता धूर. हे गुडघ्यावर बसलेले, तोंड मागच्या भिंतीकडे, दार शोधत हात फिरवत होते. दोघींनी काखेत धरून ओढलं. शांताबाईनं कोपऱ्यातली रेती घमेल्या-घमेल्यानं टाकली. पट्टी तोवर लालभडक होती.

भोंगा कधी थांबला, ते एकीलाही सांगता येईना.

खोकला जरा बसल्यावर ह्यांचा पहिला शब्द, "भोंगा कोनं वाजवला? त्यानंच उठलो मी."

मी रडत होते अन् शिव्याही देत होते. शांताबाईच्या डोळ्यांतून धुरानं पाणी वाहतंय, डोक्याला रुमाल, अन् म्हणते कशी, "आता आलोच आहो तं हजेरी लावून घ्या, भाई!" साऱ्या बाया हसल्या. त्या दिवशी काम कोणालाच मिळालं नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घरी सोडलं. मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्या भाच्याला बोलावून मी भोंगा दाखवला. तारा तोडलेल्या, आत रिकामं. पातं फिरवून पाहिलं, गंजून जाम. "मामी, ट्रकचा हॉर्न ऐकला असान तुमी," तो म्हणाला. असेल. पण ज्या बायांनी वर्षानुवर्षं त्या आवाजावर चूल विझवली, लेकरू पाळण्यात टाकलं, त्या सगळ्या एकदम चुकल्या? याचं उत्तर शोधायला मी कोणाच्या दारी गेले नाही.

आत्ता मी लिहितेय तेव्हा हे पलीकडच्या खाटेवर घोरताहेत. त्या घोरण्यावरून मी अर्धा जन्म भांडले. आता मधेच थांबलं, की माझा पेन थांबतो… कान देते… परत सुरू होतं, अन् मी पुढची ओळ लिहिते.