चतुर्थीचा चंद्र आणि सासूबाईंची नथ

माझ्या सासूबाई घरातल्यांवर काही कमी रागवत नसत. पण गोष्टीतल्या माणसांवर रागवायच्या तेव्हा त्यांचा खरा सूर लागायचा. लग्न होऊन मी साताऱ्याहून झाशीच्या रेल्वे कॉलनीत आले, तेव्हा आमचं दोघींचं जमायचं ते एवढ्या एकाच बाबतीत. त्यांचे डोळे अधू झालेले, माझा आवाज खणखणीत. दुपारची झाकपाक झाली की मी वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचायची आणि त्यांनी वाती वळत ऐकायची.

त्या श्रावणात युद्धकाळातली एक कादंबरी हाती लागली होती. छावणीच्या गावातली एक घरमालकीण आपल्या भाडेकरूवर, एका कंपाउंडरवर आळ घेते, की हा लष्करी इस्पितळातलं क्विनीन चोरून विकतो. तिने नीट काही पाहिलेलं नसतं. त्याची नोकरी जाते, तो फौजेत भरती होतो आणि ब्रह्मदेशात मरतो. पुढे खरा चोर सापडतो, पण बाई जन्मभर ते ओझं उरावर घेऊन जगते आणि कुणाजवळ चकार शब्द काढत नाही. सासूबाईंच्या हातातली वात तिथेच थांबली. "तोंड शिवलं होतं का मेलीचं? निदान त्याच्या आईला जाऊन सांगायचं!" म्हणाल्या. रात्री भाकरी थापतानाही त्या बाईचा उद्धार चालूच होता.

गणपतीत कॉलनीतल्या मंडळाने नेमका त्याच कादंबरीवरचा हिंदी सिनेमा आणला. मैदानात दोन कडुलिंबांमध्ये पडदा बांधला. बांधणारे सगळे रेल्वेतले, कुठला सिग्नल कुठून दिसतो हे झोपेतही सांगणारे. पण पडदा पश्चिमेला येतोय आणि आज चतुर्थी आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दिवे मालवले आणि पाहतो तो पडद्याच्या बरोब्बर वर चंद्राची कोर! गणेशचतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बायकांनी पदर पुढे ओढले, पुरुषांनी टोप्या. सासूबाई छत्री घेऊन आल्या होत्या, त्यांनी ती सरळ उघडली.

मागून ओरडा झाला, "अम्माजी, छाता नीचे करो!"

"तुम चंदा नीचे कर दो, भैया, हम छाता नीचे कर देंगे!" सासूबाईंनी मान न वळवता सांगितलं.

सिनेमात तो कंपाउंडर मेलाच नाही. काठी टेकत परत आला. घरमालकीण रडायला लागली, आणि तिने तोंड उघडायच्या आत याने तिला माफ करून गाणं सुरू केलं. मी मुसमुसत होते. सासूबाई घरापर्यंत धुमसत आल्या. "पुस्तकातली बोलली नाही, आणि हिला बोलावंच लागलं नाही! रडली की झालं? त्या मुलाला रागवू तरी द्यायचं होतं धड!"

माझा धाकटा भाऊ तेव्हा मेल गाडीच्या टपालडब्यात नोकरीला होता. झाशीला मुक्काम पडला की तो आमच्याकडे जेवायला यायचा. त्या चतुर्थीला तो मोदक खाऊन आमच्या बाहेरच्या खोलीत झोपला आणि पहाटेच्या गाडीने गेला. सकाळच्या आरतीला सासूबाईंनी गणपतीजवळच्या कोनाड्यात हात घातला, तर नथ नाही. सणाला घालायची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, टपोऱ्या मोत्यांची नथ. आरतीला जमलेल्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "काल घरात बाहेरचं माणूस एकच होतं. मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव न घेता यापेक्षा स्पष्ट काय सांगणार? मी आरतीचं ताट खाली ठेवलं, ते आदळूनच. माझ्या माहेराला चारचौघींत चोर ठरवलं होतं. ज्या घरात माझा भाऊ चोर, त्या घरात मी सून म्हणून कुठल्या तोंडाने राहणार होते? आमच्या ह्यांना मी सांगितलं, मी साताऱ्याला चालले. हे म्हणाले, "गौरी होऊ देत, मग बघू." या माणसाने जन्मभर प्रत्येक भांडण पुढच्या सणावर ढकललं.

शेजारच्या बुंदेली भौजींना माझी दया आली. "चौथ को चंदा देख लओ, बहू, तो कलंक तो लगनेई हतो," त्या म्हणाल्या. त्यावर त्यांच्याकडे उपाय होता. दुसऱ्याच्या छपरावर दगड टाकायचा, त्याच्या शिव्या खायच्या, की कलंक उतरला. मी लगेच त्यांच्याच पत्र्यावर टाकला, सासूबाईंना मनात आणून, जरा जोरातच. शिव्या कसल्या? भौजी बाहेर येऊन कौतुकाने म्हणाल्या, "और फेंक लो, बहू, मन हलको हो जैहे!" मन हलकं झालंही थोडं, पण आळ होता तिथेच.

गौरींच्या दिवशी मी आणि सासूबाई फुलं आणायला लक्ष्मी गेटकडे निघालो. बोलणं बंदच होतं. ऊन लागायला लागलं म्हणून त्यांनी छत्री उघडली, आणि नथ टपकन त्यांच्या पायाशी पडली. सिनेमा बघताना सारखा पदर ओढावा लागत होता, तो नथीत अडकत होता, म्हणून त्यांनी ती काढून छत्रीच्या काडीला लावली होती आणि पार विसरल्या होत्या. त्यांनी नथ उचलली, माझ्याकडे पाहिलं. मग ती पदराच्या गाठीला बांधली आणि फुलं घ्यायला चालू लागल्या.

संध्याकाळी हळदीकुंकवाला सगळ्या जमल्यावर मात्र त्या उभ्या राहिल्या. "नथ माझ्याच छत्रीत होती. हिच्या भावावर मी खोटा आळ घेतला." बायका समजूत घालायला लागल्या, तुमचा काय दोष, चंद्र दिसला ना, त्याचं झालं हे. सासूबाई म्हणाल्या, "चंद्र कशाला बोलेल? बोलले ती मी."

मला तेवढं पुरे होतं. त्यांना नव्हतं. "भावाला कळवलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कुठल्या तोंडाने कळवणार?"

"मग मीच सांगते."

"त्याला ठाऊकच नाही, तर आता कशाला?"

"पाठीमागे चोर म्हटलं," त्या म्हणाल्या, "आता माफीही पाठीमागेच मागू?"

त्याची पुढची फेरी आली तेव्हा आम्ही दोघी स्टेशनवर. टपालडब्याच्या दारात तो पोती उतरवून देत होता. आम्हाला पाहून घाबरलाच. "घरी सगळं ठीक ना?"

"मी तुला चोर म्हटलं," सासूबाई म्हणाल्या. इंजिनाच्या वाफेत त्याला काही ऐकू गेलं नाही. त्यांनी आवाज चढवला. "तुला चोर म्हटलं मी! चार बायकांत! नथ माझ्याच छत्रीत होती!" फलाटावरचे चहावाले, हमाल, सगळे वळून बघायला लागले.

भाऊ हसला. "असू द्या हो, आई. मला काही वाटलं नाही."

"हसू नकोस! सिनेमा नाही हा. आधी रागाव."

"तुमच्यावर?"

"मग काय त्या हमालावर?"

शिट्टी झाली, गाडी हलली. सासूबाई डब्याबरोबर चालायला लागल्या. दारात उभ्या भावाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं. "हिने एकटीने ऐकून घेतलं ते?" तो ओरडला. "आणि आम्हाला कुणाला सांगूसुद्धा शकली नाही? फार वाईट केलंत, आई! फार वाईट केलंत तुम्ही!"

इतके दिवस मी नुसती भांडी आपटली होती, रडले नव्हते. त्या फलाटावर मला रडू फुटलं. सासूबाईंनी माझी समजूत घातली नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत त्या मान खाली घालून उभ्या होत्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि स्टेशनचा पूल उतरेपर्यंत सोडला नाही.