अंगणवाडीच्या छज्ज्याची जाळी

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. बायकोले बी नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यलो, ते मलेच नीट ठाऊक नाई — थकलो असीन.

मी बांधकामावरचा सुपरवायझर. जानेफळकडच्या एका गावात अंगणवाडीच्या दारावर छज्जा टाकायचा होता, नव्या पद्धतीचा. त्यात लोखंडी सळई नसते, काचेच्या धाग्याची जाळी असते. सिमेंटच्या मालाचा पातळ थर, त्यावर जाळी, पुन्हा थर. दोन बोटं जाडी! लोक हसत — "हा पापड टिकते का बे?" मी छाती फुगवून सांगो, टिकते.

मिस्त्री होते रशीदभाई. जाळी अशी ताणत का एक सुरकुती दिसायची नाई. काय हात होता हो त्या माणसाचा!

अन् ऐन वेळी जाळी कमी पडली. नवी पुण्याहून यायले आठ-दहा दिवस लागणार, इकडं उद्घाटनाची तारीख ठरलेली. थांबता आलं नसतं का? आलं असतं. पण मी खामगावले गेलो अन् प्लास्टरच्या भेगांवर लावतात ती हलकी जाळी घेऊन आलो. दिसायले तशीच. पण साध्या काचेले सिमेंट हळूहळू खाऊन टाकते, म्हणून खऱ्या जाळीवर लेप असते; या हलक्या जाळीवर तसा नव्हता. मले हे माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

रशीदभाईनं ती बोटात धरून पाह्यली. "सायेब, हे नरम लागते." मी म्हणलं, कंपनीनं माल बदलला. त्यायनं मान हलवली अन् कामाले लागले.

तिसऱ्या वर्षी छज्जा पडला. रविवार होता, म्हणून खाली लेकरं नव्हती. चौकशीत मले विचारलं, तवा मी — कसं सांगू — मी म्हणलं, मिस्त्रीनं थर नीट दाबला नाई. बस, एवढंच. त्या दिवसापासून रशीदभाईले कोणी छताच्या कामाले बोलावलं नाई. लोकायच्या न्हाणीत फरश्या बसवतात आता.

मले वाटे, त्यायले सगळं समजलं आहे अन् ते मोठ्या मनानं गप्प आहेत. लाज वाटते सांगायले, पण त्याचाच मले आधार होता.

परवा नांदुऱ्याच्या स्टेशनवर भेटले. मले पाहून उठले, बाकावर जागा दिली. मग खाली पाहत म्हणाले, "सायेब, तो छज्जा माह्याच हातानं बिघडला. लेकरं असते तं? नमाजाले बसलो का तेच येते डोयापुढं."

गाडीले अजून वेळ होता. मी त्यायच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणलं, "जाऊ द्या भाई. होते चूक माणसाच्या हातून."

मी त्यायले माफ केलं. त्यायनं माझे दोन्ही हात धरले — अन् मी धरू दिले.