भुवईला टाके घातलेला मास्तर

नातीला एमएमए, म्हणजे ती कुस्ती-बॉक्सिंगची मिसळ, शिकायची होती, आणि मास्तर कोण हे ठरवायचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलं. सुकापूरच्या क्लासातला मास्तर स्वतः अजून स्पर्धांत लढायचा. तिथल्याच गावचा, मान खांद्यांत रुतलेली, भुवईला ताजे टाके. बोलता बोलता पायानंच गादी सरळ करत होता.

"स्वतःच मार खाऊन आलायस, पोरीला काय शिकवणार?" मी विचारलं.

तो हसला. "मार खातो म्हनून तर ठाव हाय आज्जी, कवा थांबायचं. पयलं तेच शिकवतो."

त्याच्या खुणेसरशी क्लासातल्या एका मुलीनं नातीचा हात पकडीत आवळला. सुटका हवी तर गादीवर थाप मारायची, एवढंच. नात लालबुंद झाली, पण थाप मारेना. माझ्यावरच गेलीय! तिच्या वयात पंजा लढवताना मी मनगट मुरगळून घेतलं होतं आणि वर्षभर तो पराक्रम सांगत फिरले होते, गाढवीण.

"सोड तिला," मास्तर त्या मुलीला म्हणाला. मग नातीकडे वळला. "हात मोडला तर उद्या काय लढशील? परत कर."

दुसऱ्या खेपेला नातीनं थाप मारली. मास्तरनं टाळ्या वाजवल्या, हरलेल्या माझ्या नातीसाठी.

ती फुरंगटून बसली. मी तिचं नाव त्याच क्लासात घातलं.