गवीच्या तोंडाशी

सकाळच्या एसटीने सोलापूर सोडलं तेव्हा खिडकीशी माझी भाची रेणू आणि तिच्या शेजारी पिशव्या सांभाळत मी. तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर अधोमुखी लवणस्तंभ काढून खडू झिजवले, पण खरा एकही पाहिला नव्हता. मैंदर्गीपलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीत, रेणूने एक गुहा शोधून काढली आणि म्हणाली, आपण दोघीच जाऊ. निवृत्तीनंतर इतक्या आग्रहाने मला कुणी कुठे नेलं नव्हतं.

अक्कलकोटला भजी खाल्ली. एका आजोबांना रस्ता विचारला. त्यांनी मराठीत सुरुवात करून कानडीत शेवट केला. 'गवी' (गुहा) एवढंच कळलं, आणि त्या भरवशावर आम्ही चुकीच्या जीपमध्ये बसलो. तासभर वाया गेला. पुढे मात्र दुतर्फा कापणीला आलेली ज्वारी आणि एका टेकाडाच्या पोटात ती गवी.

तोंडाशी वाट दाखवणारी मल्लम्मा हेल्मेटं घेऊन बसली होती. तिने आधारकार्डं मागितली. सोळा पूर्ण हवेत आणि साठ पूर्ण झालेले नकोत, असा नियम. रेणूला सोळावं पूर्ण व्हायचं होतं ऑगस्टमध्ये.

मी हुज्जत घातली. मल्लम्माला माझीच गोष्ट सांगितली. वडिलांनी मला मेंढरांमागून उचलून शाळेत नेलं, तेव्हा शाळेचं वय जोखायला डोक्यावरून घेतलेला हात पलीकडच्या कानाला लागेना. गुरुजींनी माझी मान जरा कलती केली, कान लागला, आणि एक जून जन्मतारीख टाकून, वय वर्षभराने वाढवून त्यांनी मला वर्गात बसवलं. थोडं इकडेतिकडे चालतं, असं मला म्हणायचं होतं.

"शाळंत लवकर गेलं तर पोर लई झालं तर नापास हुईल, बाई," मल्लम्मा म्हणाली. "हितं आत अडकलं तर तिच्या आईला मी काय सांगू?"



पावसाळ्यात गवी बंद, म्हणजे रेणूला थेट दिवाळीनंतर. आणि येत्या एक जूनला कागदावर मला साठ पूर्ण. गुरुजींनी मायेने दिलेलं ते एक वर्ष नसतं, तर दिवाळीनंतर आम्ही दोघी आत गेलो असतो. रेणूच्या हे माझ्याआधी लक्षात आलं.

"आत्या, तू आज जा की," ती म्हणाली. "तुझ्या चपला मी सांभाळते."

मल्लम्माचे बूट घालून मी तिच्यामागे रांगत गेले. लवणस्तंभ ओले होते, फळ्यावरच्यापेक्षा कितीतरी वाकडे. एकाच्या टोकाशी थेंब लोंबत होता, पडता पडत नव्हता. तो पडला तेव्हा सवयीने मागे वळून म्हणाले, "बघ, रेणू." मागे नुसता अंधार होता.

बाहेर ती खडकावर बसली होती, चपला मांडीवर घेऊन. कसं होतं, तिने विचारलं. तीस वर्षं न पाहता सांगत आले, आज पाहून आले तर सांगवेना. तूच बघ, म्हणाले.

परतीच्या गाडीत ती डोक्यावरून हात घेऊन कान धरून बघत होती, मान अगदी सरळ ठेवून. मला तिच्यासोबत आत जायचं होतं. ते आता व्हायचं नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. दिवाळीनंतर मीच तिला तिथे घेऊन जाणार आहे. तिच्या चपला मी सांभाळीन.